नदीची ओटी न भरणारं गाव

गोदाकाठाला पाच बाभळीचे खुंटे रांगेत उभे दिसतात ना, पोरांनो, त्यांना तुमच्या मोजणीची दोरी बांधू नका. तिपाई हवी तिथे मांडा. काठ किती खचतो ते शिकायला तुम्ही कॉलेजातून आलात, चांगलं केलंत. पण ही मोजणी इथे तुमच्या आधीपासून चालू आहे. आणि आमच्या बोरधारेत नदीची ओटी भरत नाहीत, हेही आधीच सांगते, म्हणजे खणनारळाचं कुणी विचारायला नको. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, तिचं पाणी पितो, पण तिला काही देत नाही.

पूर्वी देत होते, असं सांगतात. भादव्यात पूर ओसरला की सगळा गाव काठावर लोटायचा. घरटी एक जुडी काठावरचा वाळा मुळासकट उपटायचा, त्या सुवासिक मुळ्यांचा हार करून नदीला वाहायचा आणि ओटी भरायची. तरी नदी दरसाल काठ खायची. एका साली तीन घरं आणि मारुतीचा पार एका दिवसात गेला. तेव्हा गावच्या देवऋषाच्या अंगात आलं. पुढच्या ओटीला नदीला नवी नवरी हवी, असं तो बोलला म्हणे.

त्या साली गावात एकच लग्न झालं होतं. साळू भोईणीची सून, रखमा.

आता या साळूचं आणि रखमाचं एक दिवस पटत नव्हतं. मीठ जास्त पडलं म्हणून भांडण, कमी पडलं म्हणून भांडण. गावाला वाटलं, सासू आनंदानं हो म्हणेल. साळू देवऋषाच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सून माझी हाय. तिला बोलायचं तर म्या बोलीन. गंगेचा काय संबंध?"

गावानं ऐकलं नाही. साळूचा नवरा पुरात गेलेला, मुलगा नाव घेऊन आठ-आठ दिवस पैलतीरी. तिच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. पण ती जन्मभर नावेतून काठ बघत आली होती. जेठात, पावसाच्या आधी, तिनं बाभळीचे पाच खुंटे तासले. पहिला ओटीच्या जागी, शेवटचा मसणवट्याच्या पलीकडे. प्रत्येक खुंटा काठापासून मोजून दहा पावलांवर ठोकला. लोक हसले.

पूर आला, ओसरला. ओटीच्या दिवशी वाजतगाजत लोक रखमाला न्यायला आले. साळूनं वाट अडवली. "नेताय ना? मग आधी तिलाच मोजू द्या."

हिरवी साडी, मळवट भरलेला, अशा अवतारात रखमा पहिल्या खुंट्यापासून काठाकडे चालली. मोठ्यानं मोजत होती. तीन पावलांत काठ संपला. दुसऱ्याला चार. तिसऱ्याला पाच, चौथ्याला सात. मसणवट्यापलीकडच्या शेवटच्या खुंट्याला मात्र ती चालतच राहिली. दहा. एक पाऊल कमी नाही. तिथला वाळा कमरेएवढा उभा होता, कारण मसणातला वाळा पूजेला चालत नाही, तिथे कुणी हात लावत नव्हतं.

साळू लोकांकडे वळली. "गंगेला भूक होती तर तिनं मसणवटा कामून सोडला? जिथं तुमी मुळ्या उपटल्या तिथंच खाल्लं तिनं. काठाला धरून ठेवलं होतं ते तुमीच काढून तिच्या तोंडात दिलं!"

देवऋषी म्हणाला, ओटी चुकली तर नदी कोपेल. साळूनं पहिल्या खुंट्यावर हात ठेवला. "कोपू द्या. यंदा एक मुळी उपटायची न्हाई, उलट लावायची. पुढच्या साली हा खुंटा पडला तर त्याच्यासंगं मी जाते. पोरीला हात लावायचा न्हाई."

लोकांनी रखमाला सोडलं आणि त्या साली काठाला वाळा लावला. पुढच्या साली असा पूर आला की पैलतीर दिसेना, असं सांगतात. साळू खुंट्यापाशी जाऊन बसली. पूर चढताना नाही, उतरताना काठ पडतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून पाणी ओसरू लागल्यावर लोक घरी परतले तरी ती उठली नाही. रखमा भाकरी घेऊन आली. साळू ओरडली, "जा घरी, काठ ओला हाय!" रखमा म्हणाली, "तुमी गेल्या तर भांडू कुणाशी?" आणि शेजारी बसली. दोघी आठ दिवस तिथेच होत्या म्हणे. एक पाऊल गेलं. मग दुसरं. तिसरं गेलं नाही. खुंटा उभा राहिला.

साळू मेली तेव्हा तिनं सांगून ठेवलं होतं, माझी राख गंगेत सोडायची नाही. रखमानं ती पहिल्या खुंट्याच्या मुळाशी पुरली, वर वाळा लावला, आणि भर गावासमोर रडली.

आजही ओटीच्या दिवशी गावची नवी सून खुंट्यांपासून पावलं मोजते. सासू खुंटा धरून उभी राहते. बाभळ कुजली की नवा खुंटा त्याच खड्ड्यात बसतो. नारळ फोडून आम्हीच खातो. वाळ्यात गाळ अडून अडून पहिल्या खुंट्यापुढे एकाची अकरा पावलं झाली होती. यंदा त्यातलं अर्धं पाऊल गेलं. माझ्या नातसुनेनं मोजलं आणि आकडा गंगेला ओरडून सांगितला, रीतच आहे तशी.

तुमचं यंत्रही सांगेल काहीतरी. ते वहीत लिहा, पण आधी इथे या, काठावर. आणि माझ्याकडे बघून नका सांगू. तिच्याकडे तोंड करा.