मोहरबंद पेव

फार जुनी गोष्ट आहे. एका राज्यात प्रत्येक गावाचे एक पेव असे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले, आतून सारवलेले धान्याचे कोठार. सुगीला घरटी एकेक वाटा त्यात पडे आणि दुष्काळ आला तरच ते उघडत.

डोंगराकाठच्या एका गावात पेवाची राखण एक म्हातारा करी. झाकणाशी नाक नेले की आतल्या ज्वारीची तब्येत त्याला कळे. लहानपणी त्याने एक दुष्काळ पाहिला होता. गाव पुन्हा उपाशी राहू नये, एवढेच त्याचे मागणे होते.

पुढे काही गावच्या पाटलांनी पेवांवर हात मारला. राजा संतापला. त्याने राज्यातल्या सगळ्या पेवांवर लाखेची मोहर लावली आणि दवंडी पिटवली, "राजधानीच्या हुकमाशिवाय जो झाकण उचलेल, त्याचा हात तोडला जाईल!"

त्या वर्षी पावसाळा सरता सरता पेवातून आंबूस वास येऊ लागला. कुठूनतरी पाणी झिरपत होते. ज्वारी काढून उन्हात पसरायची, एका दिवसाचे काम. पण मोहर कोण तोडणार? म्हातारा आठ दिवस चालत राजधानीला गेला.

"वास येतो? वासावर हुकूम निघत नाही," कारकून म्हणाला. "आधी पाहणी होईल. बसा."

तो बसला. हुकूम निघाला तेव्हा महिना उलटला होता. वरातीमागून घोडे! पेव उघडले तर ज्वारी काळी पडलेली. जनावरांनीही तिला तोंड लावले नाही.

राजा मनाने वाईट नव्हता. त्याला लाज वाटली. पण राजेलोक एका टोकावरून उठतात ते थेट दुसऱ्या टोकाला जाऊन बसतात. त्याने सगळ्या मोहरा काढल्या. "आजपासून तुमचे पेव तुम्हीच बघा. मी विचारणारही नाही."

गावाने तीन सुग्या पेव भरले. पाटलाने ते लेकीच्या लग्नाला उघडले, मग मेहुण्यासाठी, मग हांजी हांजी करणाऱ्या प्रत्येकासाठी.

"पाटील, हे दुष्काळाचं धान्य आहे," म्हातारा म्हणाला.

"राजानं कारभार गावाला दिलाय ना? मग गाव म्हणजे मीच की!"

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसे चालले होते. गावातला जो तो पाटलाचा सोयरा, त्याला अडवायला कुणी पुढे झाले नाही.

चौथ्या वर्षी पाऊस आलाच नाही. पेवाच्या तळाशी मूठभर भुसा निघाला. लोक गाठोडी बांधून निघाले. म्हाताऱ्याचा मुलगाही बायकोपोरांना घेऊन गेला.

म्हातारा पुन्हा राजधानीकडे निघाला. या खेपेला त्याला बारा दिवस लागले.

त्याची हकीकत ऐकून राजाने डोके धरले. "बंद केलं तर कुजतं, मोकळं सोडलं तर लुटलं जातं. करू तरी काय?"

"महाराज, वास आम्हाला येतो, तुम्हाला येत नाही. म्हणून झाकण कधी उचलायचं ते गावाला ठरवू द्या, पण सगळ्या गावानं मिळून. आणि आमचा चोर आम्हाला धरवत नाही, तो कुणाचा ना कुणाचा सोयरा असतो. म्हणून दर सुगीला तुमचा माणूस पेवात उतरू द्या आणि चोराला शासन तुम्ही करा."

"आजोबा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी कुणी विचारलं नाही, महाराज. बसा म्हणाले."

राजाने तसा कायदा केला. पाटलाची पाटीलकी गेली. दोन वर्षांनी पाऊस बरा झाला आणि पेव काठोकाठ भरले. त्यातले धान्य कुजले नाही, चोरीलाही गेले नाही. पण गेलेल्यांपैकी निम्मी माणसे परतलीच नाहीत, आणि म्हाताऱ्याचा मुलगा त्यांतच होता.

म्हणून सांगतो, कारभार गावाच्या हाती असावा आणि त्यावर वरची नजर असावी. दोहोंतले एक जरी सुटले, तरी उपाशी गावच मरते.