चांगोजीचा गडगा

झऱ्यापासून थेट कड्याच्या टोकापर्यंत गेलेला हा पुरुषभर उंचीचा गडगा पाहून येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, की दोन्ही अंगांना रान एकाच घराचं, मग मधे भिंत कशाला? हद्द नाही, गुरं अडवायची नाहीत. एका बापाने नको तितकं डोकं चालवलं, म्हणून ही भिंत. बसा टेकून, पण कड्याकडच्या टोकाला नको.

टोपीकरांच्या अमलात वर घाटमाथ्यावर तुरुंग होता आणि त्यात समुद्रापलीकडून आणलेले चिनी कैदी होते, असे सांगतात. त्यातला आ-चांग नावाचा एक जण शिक्षा भोगून सुटला, तो मुलखाला परतलाच नाही. या वाडीत उतरला, मुळे-बटाटे लावू लागला आणि इथल्याच साळूशी त्याने घर मांडलं. वाडीने त्याचा चांगोजी केला. साळूचा त्याच्यावर फार जीव. कामाला वाघ, तोंडात कधी शिवी नाही. खोड एकच. त्याच्या मुलखात म्हणे प्रत्येक वर्षाला एक जनावर असतं, बारा वर्षांची बारा, आणि माणूस आपल्या वर्षाच्या जनावराचा स्वभाव घेऊनच जन्माला येतो.

थोरला मुलगा वाघाच्या वर्षी झाला, म्हणून त्याचं नाव वाघू. धाकटा भिवा झाला फाल्गुनात, पाडवा पंधरा दिवसांवर असताना. चांगोजीने बोटांची पेरं मोजली आणि त्याचा चेहराच उतरला. सरतं वर्ष सापाचं होतं.

"वाघ आणि साप भांडत नाहीत," तो साळूला म्हणाला. "भांडले तर बरं. ते गोडीने राहतात आणि त्यातला एक आतून झिजत जातो."

"काहीतरीच तुमचं," साळू म्हणाली.

पण त्याच महिन्यात वाघूला ताप भरला, पोराची हाडं वर आली. ताप उतरला त्या दिवसापासून चांगोजी दगड वाहू लागला. वर्षभरात गडगा उभा राहिला, त्यावर काटे पसरले. वाघू बापाजवळ अलीकडे, भिवा आईजवळ पलीकडे. पोरांनी वळसा घालून भेटू नये म्हणून कड्याच्या टोकाशी पाऊलभरही वाट ठेवली नाही. साळूने हे सगळं होऊ दिलं. तिलाही पोर गमवायचं नव्हतं. पुढे आयुष्यभर ती स्वतःला याच गोष्टीवरून बोलत राहिली.

पोरं ऐकतात थोडीच. गडग्याच्या दोन अंगांना बसून दोघे तासन्‌तास गप्पा मारत. भिवा मात्र दादाकडे जायचं नाव काढत नसे. आपण जवळ गेलो की दादाला बाधतं, हे त्याला बोलता येऊ लागल्यापासून शिकवलं होतं. एका वैशाखात नऊ वर्षांचा वाघू ओटीत करवंदं घेऊन टोकाला वळसा घालायला निघाला. शेवटचा दगड हातातून निसटला आणि पोर कड्याखाली गेलं.

दहाव्याला वरच्या तुरुंगातला चांगोजीचा एक जुना सोबती आला. त्याने दोन्ही पोरांची वर्षं विचारली, मग भिवाचा महिना विचारला. "आपलं वर्ष पाडव्याला कुठे बदलतं?" तो म्हणाला. "पौषाची अमावास्या सरली की बदलतं. फाल्गुनातला हा पोर घोड्याचा. बारांत वाघाला घोड्यासारखा जोडीदार नाही."

चांगोजी इतकी वर्षं वाडीबरोबर गुढी उभारत होता. आपलं वर्ष सोडून वाडीचं कधी धरलं, हे त्याचं त्यालाही सांगता येईना. तो पहार घेऊन गडगा पाडायला धावला. साळूने पहार काढून घेतली. "राहू द्या," ती म्हणाली. "रोज उठून बघा." त्यानंतर तो सात वर्षं जगला, अलीकडच्या अंगाला, एकटा. तिने त्याला माफ केलं नाही.

भिवा जेवेना. कुणी जवळ घेतलं तर अंग चोरी. एक दिवस तो आपणहून बोलला.

"आये, दादा हात दे म्हणाला होता. मी नाही दिला. त्याला बाधलं असतं ना?"

साळूला काय वाटलं असेल, ते कुणी सांगत नाही. पौषाची अमावास्या सरली त्या सकाळी, चांगोजीच्या मुलखाचं नवं वर्ष लागलं तेव्हा, तिने भिवाला गडग्यापाशी आणलं, त्याचा हात घट्ट धरला आणि वाघूच्या वतीने म्हणाली, "तुझ्यापायी माझं काही गेलं नाही." भिवाने विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "नक्की." मरेपर्यंत दर वर्षी ती हे म्हणत आली.

आजही माघाच्या पहिल्या दिवशी वाडीतली सगळी भावंडं इथे जमतात. थोरला धाकट्याचा हात धरून तेच म्हणतो, धाकटा तेच विचारतो. पत्रिका इथे कुणी मांडत नाही. ज्याचं थोरलं कुणी उरलं नाही, त्याचा हात वाडीतल्या सगळ्यात वयस्क माणसाने धरायचा, त्याने नको म्हटलं तरी, असा रिवाज आहे. तो भिवामुळेच पडला. साळू गेली त्या वर्षी शेजारची म्हातारी पुढे झाली, तेव्हा पन्नाशीच्या भिवाने हात मागे घेतला आणि तिला म्हणाला, "नको, मावशे. तुला बाधेल."