थोरल्या राणीच्या हाराचा तोल

एका राज्यात, रुंद नदीच्या काठी, इपुत नावाची पटवेकरीण राहत होती. राजघराण्यातल्या स्त्रियांचे हार ओवावेत ते तिनेच. त्या दिवशी ती अंगणात निळे मणी निवडत होती आणि चुलीवर मसूर शिजत होती. तोच राणीच्या मुकुटावरची सोन्याची गिधाडीण उडत आली आणि कुंपणावर बसली.

"इपुतबाई, मणी ठेवा. नव्या राणीने अभिषेकाचा हार घातला आणि ती दगड होऊ लागली आहे. घोटे गेले, आता गुडघे जातील."

"मग हार काढा की!"

"सात दासी ओढून थकल्या. मागे तोल नाही त्याला."

इपुतच्या हातातले मणी सांडले.

त्या राज्यात जिवंत राणीचा हार नऊ पदरी असे, इतका जड की मानेमागे सोन्याचे वजन बांधावे लागे. त्याला तोल म्हणत, आणि तो साऱ्या राज्यात एकच होता. मृत राणीच्या हाराला तोल नसे. निजलेल्याला तोल कशाला? पण तसा हार जिवंत गळ्यात पडला, तर माणसाचा दगड होई. थोरली राणी वारली तेव्हा इपुतने दोन हार ओवले, एक मेलेल्या राणीसाठी, एक गादीवर बसणाऱ्या तिच्या लेकीसाठी. तीस वर्षे तिने आईच्याच मानेमागे तोल बांधला होता. हात सवयीने चालले, आणि लेकीचा तोल आईबरोबर थडग्यात गेला.

"सूर्य बुडायच्या आत तोल आणा," गिधाडीण म्हणाली. "बसा पाठीवर."

"माझा भार पेलेल?"

"राण्यांची डोकी पेलली आहेत मी!"

वाऱ्यासारख्या निघाल्या त्या. थोरल्या राणीच्या डोंगरातल्या थडग्याला तीन दारे होती. पहिल्या दारात मगर.

"वस्त्र दे. त्यातून माझे दात मोजता आले पाहिजेत."

इपुतने खांद्यावरची ओढणी काढली.

"हे काय, पोतं?"

"घडी आहे, मगरबाई. उलगडू तर द्या."

उलगडलेल्या तलम ओढणीतून मगरीने दात मोजले. अडुसष्ट भरले. ती खूश होऊन सरकली.

दुसऱ्या दारात नागीण. "स्वतःसाठी केलेला दागिना दे."

जन्मभर लोकांचे हार ओवले. स्वतःचा म्हणून एक अकीक गळ्यात होता. तो तिने दिला.

तिसऱ्या दारात कोल्हा. "चूक कोणाची? दासीची म्हण. सगळे तेच म्हणतात."

"माझी."

"शिक्षा ठाऊक आहे?"

"ती मागाहून द्या. आधी दार!"

कोल्हा खो खो हसला. "खरं बोलणाऱ्याला इथे शिक्षा नाही." दार उघडले.

आत थोरली राणी निजली होती. इपुतने तिची मान अलगद उचलली, गाठ सोडली, तोल घेतला. बाहेर आभाळ तांबडे झाले होते. गिधाडीण दाराबाहेर पंख पसरून थांबली होती. पळ, इपुत, पळ!

महालात दगड नव्या राणीच्या हनुवटीला टेकला होता. इपुतने मानेमागे तोल अडकवला आणि गाठ मारली. कडकड आवाज झाला. अंड्याचे कवच फुटावे तसा दगड फुटला.

"इपुतमावशी," राणीने श्वास घेतला, "गाठ घट्ट झाली."

"घट्टच हवी, बाईसाहेब."

शिंगे वाजली. अभिषेक झाला. गिधाडीण मुकुटावर जाऊन बसली आणि पुन्हा सोने झाली. त्याच क्षणी डोंगरातली तिन्ही दारे मिटली, ती कायमची. तोल काढताना थोरल्या राणीच्या वस्त्राच्या चुण्या विस्कटल्या होत्या. त्या नीट करायच्या राहून गेल्या.