भट्टीत वाळवलेला फणस

"कित्याक फुटली, मेस्त्री? खय चुकलंय मी?"

मार्तिनने गिटार बाकावर पालथी ठेवली. तिच्या पाठीला खालपासून वरपर्यंत चीर गेली होती.

इनास मेस्त्रींनी चिरेवरून बोट फिरवलं.

त्या मुलखात गिटार म्हटली की इनास मेस्त्रींचीच. वरची फळी शिवणीच्या लाकडाची, पाठ फणसाची. बाहेरच्या लाकडाचं त्यांना वावडं. मार्तिन त्यांचा चेला. तसा पाववाल्याचा पोर, पण हातात कसब असं की बघत राहावं. अडचण एवढीच, की हे त्यालाही ठाऊक होतं.

"कदी फुटली?"

"आज सकाळी. खुंटयेक लावलेली होती, कोणी हात लावूक नाय. धाडकन आवाज झालो. आये धावत भायर इली, म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, फेलू इलो काय रे?"

मेस्त्रींनी मान खाली घातली. त्या माउलीसाठी त्यांचा जीव तुटला.

फेलू म्हणजे मार्तिनचा धाकटा भाऊ. वादळात अंगणातला फणस पडला, तेव्हा त्यानेच हौसेने फळ्या पाडून घेतल्या आणि मेस्त्रींपुढे आणून टाकल्या. "माझी गिटार ह्याच्यातसून करा." मेस्त्रींनी फळीवर बोटाच्या पेराने टकटक केलं होतं, कान लावला होता आणि म्हणाले होते, "ओला हा. घाई नको. वाऱ्यार सुकांदे."

फळ्या दुकानाच्या माळ्यावर वाऱ्याला पडल्या. आणि फेलू नदीवर पोहायला गेला, तो परत आलाच नाही.

येत्या रविवारी चर्चमध्ये त्याच्या वर्षाचा मिस्सा, प्रार्थनाविधी, होता. त्या दिवशी फेलूची गिटार वाजेल, असा शब्द मार्तिन आईला देऊन बसला होता. फळ्या वाळायला अजून दोन पावसाळे तरी जायचे होते. मार्तिनला कुठला एवढा धीर! त्याने फळ्या गुपचूप घरी नेल्या. पाव काढून घेतले की भट्टी बराच वेळ उबदार राहते. तिच्यात तो त्या सरकवू लागला. काही दिवसांत बोट आपटलं की त्या खणखणीत वाजायला लागल्या. मेस्त्रींना सुगावाही न लागू देता त्याने घरीच गिटार उभी केली. आणि झाली होती देखणी, खोटं कशाला बोला.

"भट्टीत घातलंस?"

"व्हय." मार्तिनची मान खाली गेली, पण लगेच वर आली. "पण सुकी होती मेस्त्री! मी वाजवून बघितलंय!"

"तुकडो उरलो हा?"

चीर बुजवायला त्याच लाकडाचा तुकडा लागतो, एवढं चेल्याला कळत होतं. त्याने पिशवीतून जाडसर तुकडा काढून दिला. मेस्त्रींनी त्यावर पेर आपटलं.

खणखणीत.

"बघा!" मार्तिन म्हणाला.

मेस्त्रींनी तुकडा उभा धरला, पटाशी लावली आणि वर एकच घाव घातला. तुकडा दुभंगला. त्यातली एक फोड त्यांनी आतल्या बाजूने मार्तिनच्या गालाला लावली आणि त्याच्या हातात दिली.

"कसा लागता?"

"...थंड. आत ओलो हा."

"फेलूक मातयेत ठेवलो, त्या सांजचो तू खय होतंस?"

मार्तिनला हा प्रश्न कुठून आला ते कळेना.

"भट्टीर."

"दुसऱ्या दिसा?"

"भट्टीरच. गावाक पाव नको? आणि आयेक सांभाळूक कोणी तरी व्हयो ना? सगळे म्हणत, मार्तिन बघा कसो घट्ट हा."

मेस्त्री जवळ सरकले. फळीवर आपटतात तसं त्यांनी मार्तिनच्या छातीवर पेर आपटलं. एकदा. मग पुन्हा. डोळे मिटून तिथे कान लावला आणि तसेच थांबले...

मार्तिन हसायला गेला. हसू आलं नाही.

"मेस्त्री... रविवारी आयेक काय सांगू?"

मेस्त्रींनी कान काढला नाही.

"तो माका म्हणालो होतो, चल रे नदीर. मी म्हटलंय, पाव कोण काढतलो..."

वर्षभर कोंडलेलं सगळं एकदम वर आलं. हातातल्या फोडीवर एक थेंब पडला, मग दुसरा.

मेस्त्रींच्या दुकानात लाकडाला पाणी चालत नसे. ओला हात लागला तरी सगळ्यांसमोर खरडपट्टी निघे. मार्तिन दचकला आणि शर्टाच्या बाहीने घाईघाईने लाकूड पुसायला लागला.

मेस्त्रींनी त्याचं मनगट धरलं.

"पुसू नको... ह्या पण वाऱ्यार सुकांदे."