धाकूने ओव्हरलोड उतरवला

खाडीकाठच्या एका गावात धाकू नावाचा एक भोळा माणूस होता. आज्ञाधारक इतका, की सांगितलेलं काम तो तसंच्या तसं करी. गावाने त्याचा धसका घेतला होता तो यामुळेच.

त्याचे मामा, रावजी तांडेल, होडीने माणसं खाडीपार नेत. त्यांनी धाकूच्या हातात वल्हं दिलं. पहिल्याच दिवशी धाकूने येईल त्याला बसवलं आणि होडीत पाणी शिरलं. मामांकडे बंदरावरच्या साहेबांकडून उचललेला एकुलता एक इंग्रजी शब्द होता. तो त्यांनी ऐटीत बाहेर काढला.

“ह्येका ओव्हरलोड म्हणतत. झेपात त्यापेक्षा जास्त भरला, म्हणजे ओव्हरलोड.”

“मगे काय करूचा?”

“शेवटाक जो चढलो, त्येका उतरवूचा.”

धाकूला शब्द फार आवडला. घरी येतो तर मामी चुलीपुढे घामाघूम. मुलीचं, शेवंतीचं, लग्न तोंडावर आलेलं.

“माका कामाचो नुसतो ओव्हरलोड झालो हा,” मामी म्हणाली. नवऱ्याचं इंग्रजी घरात सगळ्यांना येत होतं.

धाकूने चुलीकडे पाहिलं. शेवटी भात चढला होता. त्याने तो उतरवला. रात्री घरातल्यांनी कचकचीत भात खाल्ला आणि धाकूने शिव्या.

“मेल्या,” मामी म्हणाली, “ओव्हरलोड झालो तर आणखी चार माणसा मदतीक घेवची. ता पण सांगूक व्हया?”

सांगितलं ते बरं झालं. दुसऱ्या दिवशी होडी काठोकाठ भरली. धाकूने लगेच ओळखलं, हा ओव्हरलोड. त्याने धक्क्यावरची आणखी चार माणसं हाका मारून आत घेतली. होडी जागच्या जागी बुडाली. कमरेएवढ्या पाण्यात सरपंचही उभे होते आणि सरपंचांना त्या दिवशी सभेला जायचं होतं.

मामांनी हात जोडले. “बाबा रे, उद्या शेवंतीचा लगीन. वऱ्हाड पलीकडसून आणूचा हा. मुहूर्त चुकलो तर लगीन मोडात. पोरगी जन्मभर माझ्या नावान रडात. होडी भरली असा वाटला तर कोणाचा ऐकू नको. शेवटाक चढलो तो उतरात. मगे तो कोण का असेना.”

“तुमी असलात तरी?”

“मी असलंय तरी.”

लग्नाच्या सकाळी धाकू पलीकडे गेला. नवरदेव बसला, व्याही बसले, करवल्या बसल्या, ढोलताशेवाले बसले. धाकूने नेहमीसारखी होडी ढकलली आणि मागून स्वतः उडी मारून चढला. पाणी काठाला लागलं.

“ओव्हरलोड,” धाकू म्हणाला.

“मगे उतरव कोणाक तरी,” नवरदेवाचे काका वैतागले. “मुहूर्ताक उशीर होता.”

शेवटी कोण चढलं, ते धाकूने नीट आठवलं. मग वाद न घालता, हातातल्या वल्ह्यासकट तो खाली उतरला आणि त्याने होडीला जोरात ढकलून दिलं.

ओहोटी लागली होती. अलीकडे मामा हार घेऊन उभे. वऱ्हाड ताशे वाजवत धक्क्यासमोर आलं आणि तसंच पुढे समुद्राकडे निघालं. नवरदेव दोन्ही हात हलवत होता. मामांना वाटलं, जावई नमस्कार करतायत. त्यांनीही केला.

पलीकडून धाकूने वल्हं उंच धरलं आणि ओरडून सांगितलं, “मामानू, ह्या खेपेक थेंबभर पाणी आत शिरूक नाय.”