वैऱ्याच्या अंगावर आपली जर्सी

नदीकाठच्या एका गावात भूपालअण्णा मगदूम नावाचे कारखानदार राहत होते. पंपाचे सुटे भाग ओतायची त्यांची फौंड्री होती. पोरवयात ते दुसऱ्याच्या भट्टीवर राबले, मग स्वतःची भट्टी पेटवली, आणि पन्नाशीला आले तेव्हा त्यांच्या हाताखाली दीडशे माणसं होती. त्या गावाला फुटबॉलचं भारी वेड. कामाच्या रगाड्यात अण्णांना कधी खेळायला मिळालं नाही, एवढीच त्यांच्या मनातली खंत. फौंड्रीचा भोंगा वाजला की ते काजळलेल्या हातांनीच मैदानाच्या कुंपणाशी येऊन उभे राहायचे.

म्हणून त्यांच्या पेठेच्या 'उगवता तारा' या फुटबॉल संघाच्या अध्यक्षाची जागा रिकामी झाली, तेव्हा पेठेतल्या लोकांनी ती अण्णांना दिली. अण्णा त्या खुर्चीत फारसे बसलेच नाहीत. ते मैदानावरचे खडे वेचायचे, चेंडूत हवा भरायचे, कुणाचा गुडघा सुजला तर त्याला स्वतः दवाखान्यात न्यायचे. ऑफसाइड म्हणजे नेमकं काय, हे मात्र त्यांना कधी नीट उमगलं नाही. खेळाडू त्यावरून त्यांची थट्टा करायचे, आणि अण्णाही त्यांच्यासोबत हसायचे.

संघाने एकोणीस वर्षं गावचा चषक पाहिला नव्हता. अण्णांच्या तिसऱ्या वर्षी संघ अंतिम सामन्यात पोचला. समोर गावातल्याच घाटवेस वस्तीचा संघ होता, पेठेचा पिढीजात वैरी.

सामन्याच्या दिवशी सकाळीच घाटवेस संघाच्या खोलीला आग लागली. आत माणूस कुणी नव्हतं, पण जर्स्या, बूट, सगळं जळून खाक झालं. नियम कडक होता. चार वाजता पुऱ्या पोशाखात जो संघ मैदानात नसेल, तो बाद.

संघाचे चिटणीस शामराव धापा टाकत फौंड्रीत आले. "अण्णा, पेढे मागवा! न खेळता चषक आपला!"

खोटं कशाला सांगा, अण्णांनाही आधी आनंदच झाला. हलगी, गुलाल, चषकाची मिरवणूक, सगळं डोळ्यांसमोर आलं. मग त्यांना वाटलं, मिरवणुकीत कुणीतरी विचारेल, गोल कुणी मारला? तेव्हा आपले खेळाडू काय सांगतील?

"शामराव, आपल्या जुन्या हिरव्या जर्स्या कपाटात आहेत ना?"

"आहेत की. कशाला?"

"त्या घाटवेशीला द्यायच्या."

शामरावांचा चेहरा उतरला. "अण्णा, पेठ खवळेल. अध्यक्ष ठेवणार नाहीत तुम्हाला."

"नाही ठेवलं तर कुंपणाशी उभा राहून बघेन. आजवर तेच केलंय."

फौंड्रीचा टेम्पो काढून अण्णा स्वतः दारोदार फिरले. जुन्या खेळाडूंकडून, शेजारच्या शाळांतून त्यांनी बूट गोळा केले. दुपारी ते सगळं घेऊन घाटवेशीत उतरले, तेव्हा तिथला कप्तान सादिक मुजावर जळक्या खोलीसमोर डोकं धरून बसला होता. त्याने हिरवी जर्सी हातात घेतली. छातीवर 'उगवता तारा'चा तारा होता.

"अण्णा, वैऱ्याची जर्सी घालू?"

"आजच्या दिवस घाल. आणि उपकार मानून सावकाश खेळू नकोस, मला ते आवडायचं नाही."

सादिक सावकाश खेळला नाही. दोन्ही संघांच्या छातीवर एकच तारा, एक पिवळ्यावर, एक हिरव्यावर. बघणाऱ्यांचा गोंधळ उडाला, पण सामना असा रंगला की लोक बसायचं विसरले. बरोबरी झाली, आणि शेवटच्या मिनिटाला सादिकने गोल मारला. एकोणीसची वीस वर्षं झाली.

पेठेने अण्णांना तोंडावर सुनावलं. "आपल्याच कपड्यांत त्यांना जिंकवलंत!" अण्णांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. चूक केली असं त्यांना वाटत नव्हतं, पण हरल्याचं दुःख काही कमी नव्हतं. तीन दिवस ते मैदानाकडे फिरकले नाहीत.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सादिक आणि त्याचा संघ पेठेत आला. जर्स्या धुऊन, इस्त्री करून आणल्या होत्या. बरोबर चषकही होता. बघायला अख्खी पेठ जमली. अण्णांना बोलावणं गेलं.

सादिक म्हणाला, "अण्णा, तुमच्यामुळे खेळलो. वर्षातले सहा महिने चषक तुमच्याकडे राहू दे. आमच्या सगळ्यांचं ठरलंय."

लोक अण्णांकडे बघू लागले. शामराव तर चषक घ्यायला हात पुढे करून तयारच होते.

अण्णांनी चषकावरून एकदा हात फिरवला आणि तो सादिकच्या हातात परत दिला. "जिंकलाय तुम्ही, न्या तुम्हीच. पुढच्या वर्षी आम्ही खेळून नेऊ. नीट पुसून ठेवा तेवढा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा मैदानावर गेले, तर अठराच्या अठरा खेळाडू बूट बांधून आधीच धावत होते. हरल्यावर अण्णांवर सगळ्यात जास्त चिडलेला गोलरक्षक सगळ्यांच्या पुढे होता. त्याने लांबूनच हाक मारली, "अण्णा, चेंडूत हवा कमी आहे, या लवकर!"

तात्पर्य: समोरचा मैदानात उभा असेल तरच जिंकण्याला अर्थ असतो; म्हणून पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला आधी उठवावं आणि मग त्याला हरवायला कंबर कसावी.