उघड्या झाडावरची कोळशाची फुली

पार उत्तरेला, जिथे तोंडातून निघालेली वाफही मिशीवर गोठते, तिथल्या एका गावात एक नवी सून आली. कामाला खमकी, पण जिभेला लगाम नाही.

त्या गावाची एक रीत होती. नव्या सुनेनं पहिल्या हिवाळ्यात सरपणासाठी एक मेलेलं झाड निवडायचं आणि त्यावर कोळशानं फुली मारायची. दुसऱ्या दिवशी गडी येऊन ते तोडायचे. फुली पुसायचा हक्क फक्त सुनेचा. पण आजवर एकीनंही पुसली नव्हती. चूक कबूल करायला छाती लागते, ती कुठून आणायची?

सुनेनं लांब जायचा त्रासच घेतला नाही. घरामागच्या चढावर एक झाड होतं, खराट्यासारखं उघडं. खाली सुईसारख्या पिवळ्या पानांचा सडा. तिनं ऐटीत फुली मारली.

सासू काठी टेकत आली. "हे कुठं मेलंय गं?"

"सासूबाई, डोळे आहेत मला! सुईच्या पानांची झाडं बारा महिने हिरवी असतात. उघडी पडली की खलास. माझ्या माहेरी लहान पोरंसुद्धा सांगतील."

"तुझं माहेर राहिलं तिकडं. हा लार्च आहे. थंडी आली की पानं सोनेरी करतो, झाडून टाकतो आणि गप उभा राहतो. फांदीला नख लाव."

सुनेनं नख लावलं. सालीखाली हिरवं, ओलं! फांदीभर बारीक गाठी होत्या.

"त्या गाठी-गाठीतून पानांचे झुबके फुटतात," सासू म्हणाली. "पुढं तू जाणे."

कुंपणापाशी शेजारणी जमल्याच होत्या. एक फिसकन हसली. "पुसतेस का काय? मग जन्मभर आंधळी सून म्हणू हो तुला!"

सुनेला वाटलं, राहू दे फुली. एका झाडानं काय आभाळ कोसळणार आहे? पण नखात तो ओला हिरवेपणा अडकला होता. तिनं अंगावरची शाल काढली आणि फुली खसाखसा पुसली.

"म्हणा आंधळी! जिवंत झाड तोडून मला डोळस नाही व्हायचं."

मग ती मैलभर बर्फ तुडवत गेली आणि खरोखर वाळलेलं झाड शोधून आली.

हिवाळा सरता सरता एका दुपारी सून विहिरीवर होती. चढावरचा बर्फ गडगडत सुटला. घरात सासू एकटी लोकर पिंजत बसलेली! सुनेच्या हातून बादली सुटली. बर्फाचा लोंढा लार्चवर आदळला, दुभंगला आणि घराच्या दोन्ही अंगांनी निघून गेला.

सासू दारात आली. सून तिच्या गळ्यात पडून रडली. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले? मी नख लाव म्हटलं. उभा तो राहिला."

सून चढावर गेली आणि झाडाला मिठी मारली. तिच्या नाकापाशीच एका गाठीतून हिरवा, मऊ झुबका डोकावत होता.

आता त्या गावात फुलीआधी नख लावतात. शिकवायला आंधळ्या सुनेलाच बोलावतात, आणि ती हसत जाते.

तात्पर्य: उघडं दिसलं म्हणून मेलं समजू नका. चूक कळली की चारचौघांत पुसा, आणि ज्याच्या आडोशाला जगलात त्याला विसरू नका.